हरी कुंभार आणि काकीचं भाण

मंडळी, गेल्या वेळी लोणच्यांवर लिहिलं तेव्हा पुढचा लेख पापडांवर असं मी म्हटलं होतं. पापड आता पुढच्या उन्हाळ्यात. मधे लेकीच्या गृहपाठाने आमच्या घराचा ताबा घेतला आणि त्या गृहपाठाचं शेपूट थेट पेडण्यापर्यंत गेलं.

लेक नववीत आहे. इंग्लंडच्या शाळेत त्यांना इतिहासात एक काम दिलं होतं. वर्गातल्या मुलांच्या आडनावांमधून जुने धंदे शोधा आणि स्वयंपाकघरातले, विशेषतः दूधदुभत्याचे जुने इंग्रजी शब्द गोळा करा. वर्गात स्मिथ होते, कूपर होता, वेब्स्टर होती, बॅक्स्टर होती. स्मिथ म्हणजे लोहार हे सगळ्यांना माहीत. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा. वेब्स्टर आणि बॅक्स्टर यांची गंमत अशी की त्यातलं 'स्टर' हे मुळात बाईचं शेपूट आहे. वेब्स्टर म्हणजे विणणारी, बॅक्स्टर म्हणजे भाजणारी, ब्रूस्टर म्हणजे बियर गाळणारी. पुढे पुरुषांनीही ती नावं घेतली. एकटा स्पिन्स्टर हा शब्द बाईलाच चिकटून राहिला. सूत कातणारी म्हणून सुरुवात झालेली ही बाई शेवटी बिनलग्नाची म्हणून उरली.

"आई, पॉटरला आपल्यात काय म्हणतात?" लेकीने विचारलं.

"कुंभार."

"म्हणजे हॅरी पॉटर म्हणजे हरी कुंभार!"

दोघी खूप हसलो. जेवताना बाबालाही हसवून झालं. मग तिने सहज विचारलं, "आपल्याकडे वर्गात कुंभार आडनावाची मुलं असायची का? त्यांना काही वाटायचं नाही ना?" मी म्हटलं, ताक घे. दुसरं काही सुचलं नाही. त्या प्रश्नावर मला माझी कॉलेजातली मैत्रीण आठवली होती. तिच्याकडे पुढे येतेच.

दुधाच्या शब्दांत लेक माझ्यापेक्षा जास्त रमली. बटर हा शब्द इंग्रजांचा नाहीच, ग्रीकांकडून लॅटिनमार्गे आलेला. ग्रीकात 'बूस' म्हणजे गाय आणि 'ट्युरोस' म्हणजे चीज, म्हणून बूट्युरोन, गाईचं चीज. हा 'बूस' आणि आपला 'गो' एकाच मुळाचे. म्हणजे इंग्रज पावाला बटर लावतो तेव्हा त्यात आपली गाय उभी असते. चीजही लॅटिन 'कासेउस'वरून आलं. पोर्तुगीज लोक चीजला केजु म्हणतात, तोही त्याच कासेउसचा मुलगा. सायीला इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता, 'रीम'. जर्मन लोक अजून 'राम' म्हणतात. इंग्रजांनी मात्र फ्रेंचांकडून क्रीम घेतलं आणि रीम टाकून दिली.

आणि डेअरी! हा शब्द मला इतका आवडला की मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते. जुन्या इंग्रजीत 'डॅय' नावाची एक कामकरी बाई होती. मूळ अर्थ कणीक मळणारी. पुढे तीच गोठा, दूध, लोणी बघू लागली. चॉसरच्या कोंबड्याच्या गोष्टीतली गरीब विधवा अशीच एक 'डे' आहे. डे जिथे काम करते ती जागा डेअरी. आता लेडी बघा. जुना शब्द 'ह्लाफ-डिग्ये', म्हणजे पाव मळणारी. लॉर्ड म्हणजे 'ह्लाफ-वेअर्ड', पावाचा राखणदार. म्हणजे कणीक मळणाऱ्या दोघी होत्या. एकीची लेडी झाली, राजवाड्यात गेली. दुसरी गोठ्यात राहिली आणि तिचं नावच भाषेतून गेलं, फक्त तिच्या कामाच्या जागेचं नाव उरलं. या दोघींचं मूळ 'मळणे, लिंपणे' या अर्थाचा एक फार जुना धातू आहे. इंग्रजी 'डो', म्हणजे मळलेली कणीक, त्यातूनच आला आणि संस्कृतातला 'देह'ही त्यातूनच. देह म्हणजे लिंपून घडवलेला. आपल्याकडे देहाला मातीचा म्हणतात ते उगीच नाही.

हे सगळं घेऊन आम्ही मे महिन्यात माहेरी गेलो.

आमचं घर पेडणे तालुक्यात, कासारवर्ण्याच्या अलीकडे. मोपाचा विमानतळ झाल्यापासून माहेर अगदी हाताशी आलंय. पूर्वी दाबोळीला उतरून जुवारी आणि मांडवी ओलांडून, कोलवाळच्या पुलावरून घरी पोचेपर्यंत मुलं दोनदा ओकायची. आता बॅगा मिळायला लागतो त्याहून कमी वेळात काकीचा चहा मिळतो. काकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, वय ऐंशीच्या पुढे. माझी लेक तिला आजी म्हणते. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे काकीच.

गोव्याबाहेरच्या तरुण मंडळींसाठी एक खुलासा करते. गोवा म्हटलं की चर्च आणि पोर्तुगीज आठवतात, पण आमचा भाग पोर्तुगीजांकडे फार उशिरा गेला. बार्देश १५४३ मध्येच त्यांच्याकडे गेला होता. डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि पेडणे १७८८ मध्ये गेलं. तोवर आम्ही सावंतवाडीच्या भोसल्यांचे. म्हणून याला नव्या काबिजादी म्हणतात. म्हणून आमच्या घरात बोलणं पेडण्याच्या कोंकणीत आणि पत्र, पोथी, शाळा मराठीत. पोर्तुगीज शब्द आमच्याकडेही आहेत. पाव, पाव आणणारा पोदेर, बटाटा, काजू हे सगळे त्यांच्याबरोबर आलेले. काजूच्या झाडाने तर ब्राझीलहून नावासकट प्रवास केला. पण दुधाच्या फळीवर त्यांचा हात पोचला नाही. तिथे दूद, धंय, ताक, लोणी, तूप.

लेक वही घेऊन काकीच्या मागे. काकी दूध तापवतेय, ही विचारतेय. काकीने साय काढली. "रीम," लेक म्हणाली. काकीने विरजणाची वाटी कोपऱ्यात झाकून ठेवली. शेजारची सून संध्याकाळी विरजण मागायला आली तर काकीने दिवे लागणीनंतर ते दिलं नाही, "सकाळी ये गो" म्हणून परत पाठवलं. हे लेकीला पटलं नाही. मलाही पटत नाही, पण मी लहानपणापासून गप्प बसते, तशीच बसले.

लेकीच्या वहीतलं थोडं सांगते. दूध म्हणजे दुग्ध, दुहलेलं. लोणी हे नवनीत, नवीन काढलेलं. ताक हे तक्र. धंय आणि दही दोन्ही दधीची लेकरं. तूप मात्र संस्कृताचं नाही, ते कन्नडच्या 'तुप्प'चं भावंड. घृतापासून झालेलं घी हिंदीतून इंग्रजीत गेलं आणि लंडनच्या दुकानात डब्यावर बसलं, आणि आम्ही मराठी आणि कोंकणी लोक घाटावरच्या शेजाऱ्यांचा शब्द घेऊन तुपाचा भात खात राहिलो. दुहिता, म्हणजे मुलगी, हिची यास्काने दिलेली एक व्युत्पत्ती दूध काढण्याशी जोडलेली आहे. इंग्रजी डॉटर ही तिची सख्खी बहीण. हे ऐकल्यावर लेक म्हणाली, "मी गाय दुहणार नाही हं." गाय राहिलीच कुठे आहे? गोठ्यात दादाची मोटारसायकल असते आणि दूध पिशवीतून येतं.

दादाच्या सुनेने सकाळी विचारलं, "बटर लावू की लोणी?" लेकीने ते लगेच टिपलं. माझी पहिली प्रतिक्रिया हळहळीची होती, बघा, लोणी गेलं, बटर आलं. पण विचार केल्यावर वाटलं, तसं नाही. घरात दोन्ही शब्द आहेत आणि दोन्ही वेगळे पदार्थ आहेत. पिवळं, खारं, कागदात गुंडाळलेलं ते बटर. पांढरं, ताकाच्या थेंबांसकट हातावर घ्यायचं ते लोणी. कृष्ण बटर चोरत नाही. परका शब्द आला म्हणून घरचा जातोच असं नाही. घरचा जातो तो घुसळणं बंद झाल्यावर. रवी आमच्याकडे अजून खुंटीला आहे, पण काकीच्या हातात आता तेवढा जोर नाही.

आता उकळण्याकडे वळू. इथे मामला जास्त खोल आहे, कारण कोंकणात आणि गोव्यात आपण जन्मभर काहीतरी उकडतच असतो.

इंग्रजांना उकळण्यासाठी स्वतःचा शब्द होता, 'सीद'. १०६६ नंतर नॉर्मन लोक आले आणि त्यांच्या फ्रेंचबरोबर 'बॉइल' आलं. बॉइलच्या मुळाशी लॅटिन 'बुल्ला', म्हणजे बुडबुडा. स्वयंपाकघर बॉइलने घेतलं आणि सीदला बाहेर काढलं. आता माणूस रागाने 'सीद' होतो, बटाटे होत नाहीत. त्याच सीदचं जुनं रूप 'सॉडन', मूळ अर्थ उकडलेलं. आज पावसात भिजून चिंब झालेल्या कोटाला सॉडन म्हणतात. आपल्याकडे असं काही झालं नाही. आपण प्रत्येक उकळीला वेगळा शब्द ठेवला. पाण्याचं आधण ठेवायचं, पाणी उकळायचं, दूध तापवायचं, बासुंदीसाठी आटवायचं, तूप कढवायचं, अळू उकडायचं, डाळ शिजवायची. कढवणं, कढी आणि औषधाचा काढा ही सगळी 'क्वथ्' धातूची मंडळी. शिजणं हे 'सिध्'वरून आलं, म्हणजे डाळ शिजते तेव्हा ती सिद्ध होते. पेज ही 'पेया', पिण्याची. लेकीने काकीला विचारलं, "या सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द कसा पुरतो?" काकी म्हणाली, "त्यांच्याकडे लाकडं कमी असतील."

पेजेचे तांदूळ उकडे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी उकडा तांदूळ इथल्या भारतीय दुकानातून येतो, पण तो होतो कसा हे मुलांना ठाऊक नसतं. भात, म्हणजे साळीसकट धान्य, भिजवायचं, मोठ्या भांड्यात पाण्याबरोबर उकडायचं, साळ फुटायला लागली की निथळून अंगणात वाळवायचं आणि मग कांडायचं. उकडताना साळीखालचं ब जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, म्हणून पॉलिश केल्यावरही ते सगळं निघून जात नाही. इंग्रजीत याला पारबॉइल्ड म्हणतात आणि सगळे समजतात की अर्धवट उकडलेलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बरोबर उलटा, पूर्ण उकडलेलं. इंग्रजांनी ऐकताना 'पार'चा 'पार्ट' केला आणि अर्थ अर्धा झाला.

हे भात उकडायचं भांडं म्हणजे भाण. आमच्या मागल्या पडवीत एक आहे. तांब्याचं, इतकं मोठं की लहानपणी लपाछपीत मी त्यात मावायचे. आतून कल्हई. तांब्याला आंबट लागलं की ते अन्नात उतरतं, म्हणून आतून कथलाचा मुलामा द्यावा लागतो, तो झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. कल्हईवाला दर वर्षी यायचा. नवसागराचा धूर, भाता, आणि कापसाच्या बोळ्याने भांडं एका क्षणात चांदीसारखं. कल्हईवाला यायचा बंद झाला आणि भाण पडवीत गेलं. आता त्यात दादाने जुन्या ताडपत्र्या ठेवल्यात.

दादाने भंगारवाल्याला भाव विचारून ठेवला होता. तांब्याला किलोवर चांगले पैसे येतात. लेकीला हे कळलं आणि घरात वादळ झालं. "आजी, हे विकायचं नाही! हे म्युझियममध्ये असायला हवं." मीही तिच्या बाजूने बोलले. मी म्हटलं, काकी, हा शब्दसुद्धा जाईल याच्याबरोबर.

काकी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माका नाका तें." मग लेकीला कळावं म्हणून मराठीत आली. "मी चाळीस वर्षं त्याच्यापुढे बसलेय. पहाटे तीनला उठून जाळ घालायचा. पावसाळ्याआधी सगळं भात उकडून झालंच पाहिजे. डोळ्यांत धूर. तुझी आई त्यात लपाछपी खेळली, मी त्याच्यापुढे घाम गाळला. तुला हवं तर विमानातून घेऊन जा."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी दादा समेटासाठी म्हणून आम्हांला ओळखीच्या एका काजूच्या भट्टीवर घेऊन गेला. मे महिना, हंगाम संपत आलेला. कोळंबीत बोंडू तुडवून रस काढतात, तो आंबला की भाणात घालून भट्टी लावतात. हेही भाणच. पूर्वी ते मातीचं असायचं, आता तांब्याचं. पहिल्या धारेला येते ती उर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. उर्राक आणि आपला अर्क हे एकाच अरबी शब्दाचे, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ घाम! काकीच्या घामाचं बोलणं कानात ताजं होतं, त्यामुळे हे सांगताना मी जरा दबकले. फेणी हे नाव फेणावरून. फेण आणि इंग्रजी 'फोम' पुन्हा नातलगच. म्हणजे इंग्रजांचं बॉइल बुडबुड्यावरून आणि आमची फेणी फेसावरून. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. फेणीच्या मातीच्या भाणाला कोणी काही दिलं नाही. लेकीने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्याचं मला बरं वाटलं.

मातीचं भाण कोण करायचं? कुंभार. तांब्याचं? कासार. म्हणजे काकीची पेज आणि भट्टीची फेणी दोन्ही या दोघांच्या हातातून आलेल्या. आमच्या तालुक्यात कासारवर्णे आहे, डिचोली तालुक्यात कासारपाल आहे, कालिकेच्या देवळाचं. पेडण्यात अगरवाडा आहे, मिठागरांचा. डिचोली शहर तर पितळेच्या समया आणि मातीची भांडी या दोन्हींसाठी नावाजलेलं. गोव्याच्या जत्रेत बायका हातात धरतात ती दिवजां, मातीची अनेक तोंडांची दिवली, कुंभाराच्या घरून येतात. घुमटाचं मडकंही त्यांच्याच हातचं. घुमट २०१९ मध्ये गोव्याचं राज्य वारसा वाद्य झालं. त्याच्यावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणायचे, ते कायद्याने बंद झालं, आता बकऱ्याचं.

आणि या सगळ्या धंद्यांच्या नावांचं एक लहानसं व्याकरण आहे. कुंभकार, कांस्यकार, सुवर्णकार, लोहकार, चर्मकार. हजार वर्षं बोलून बोलून 'कार' झिजला आणि उरला 'आर'. कुंभार, कासार, सोनार, लोहार, चांभार. इंग्रजांच्या पॉटर-बेकरमधला 'र' आणि आपला 'र' वेगळ्या वाटेने आले, पण शेवटी कानाला एकच वाजतात. सुतार मात्र या रांगेतला नाही, तो सूत्रधार, दोरी धरणारा. नाटकातला सूत्रधार तो हाच.

या आनंदात मी डिचोलीला मैत्रिणीकडे गेले.

आम्ही म्हापशाला कॉलेजात एका बाकावर होतो. तीन वर्षं. तिचं आडनाव गावावरून होतं, आमच्याकडे निम्म्या लोकांचं असतं तसं. घर कुठे म्हटलं की "बाजाराच्या मागे" म्हणायची. मी एकदाही तिच्या घरी गेले नव्हते. शेवटच्या वर्षी कळलं की बाजारामागचा भाग म्हणजे कुंभारवाडा आणि तिचे बाबा चाकावर बसतात. मी तेव्हा काहीच बोलले नाही. ते मला मोठं समजूतदारपणाचं वाटलं होतं.

आता ती निवृत्त झालीय, सरकारी नोकरीत होती. भाऊ अजून दिवजां आणि घुमटाची मडकी करतो, कुंड्या करतो. चहा झाल्यावर मी तिला म्हटलं, मी एका मासिकात लिहिते, तुमच्या धंद्यातले जुने शब्द मला हवेत. ते नाहीसे होतायत.

ती हसली. म्हणाली, "तुला शब्द हवेत. आम्हांला तोच शब्द मारायचा."

मग तिने सांगितलं. प्राथमिक शाळेत एक मास्तर तिला नावाने हाक मारायचे नाहीत. "ए मडक्या" म्हणायचे. गणित चुकलं तर "माती तुडव जा." वर्ग हसायचा. तिने आठवीत आडनाव बदलून घेतलं, हट्टाने, बाबांशी भांडून. बाबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. "त्यांना वाटलं मला त्यांची लाज वाटते. मला मास्तरांची भीती वाटत होती. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं."

लेक ऐकत होती. तिने वही बंद केली होती. मैत्रिणीने तिला विचारलं, "तुमच्याकडे पॉटर नावाच्या मुलाला कोणी असं म्हणतं का?"

लेक म्हणाली, "नाही. पण त्यांच्या घरी कोणी पॉटर नसतं."

मला वाटतं पोरीने अजाणता नेमकं सांगितलं. इंग्लंडात ही आडनावं नॉर्मन काळानंतरच्या शतकांत घट्ट झाली. नाव मागे राहिलं आणि माणूस पुढे गेला. स्मिथचा मुलगा पाव भाजू लागला तरी स्मिथच राहिला, आणि बेकरच्या मुलीशी लग्न करायला त्याला कुणी अडवलं नाही. तिथे उच्चनीच नव्हतं असं मी मुळीच म्हणत नाही. लेडी आणि डे यांचं काय झालं ते वर सांगितलंच. पण आपल्याकडे नाव, काम, वाडा, विहीर आणि लग्न पाच खिळ्यांनी एकत्र ठोकलेलं होतं. मग त्यातून सुटायचं तर पहिला खिळा नावाचाच उपटावा लागतो. आणि मी तिथे वही घेऊन तो खिळा जपून ठेवायला गेले होते.

मी तिला लेडीची आणि डेची गोष्ट सांगितली, कारण दुसरं काय बोलावं ते सुचेना. कणीक मळणाऱ्या दोघी, एक वर गेली, एक पुसली गेली. ती गोष्ट तिला आवडली. म्हणाली, "म्हणजे मळण्यात कमीपणा नव्हता. कुणासाठी मळते ते बघायचे." आणि मग स्वतःच उठली. "चल, भाऊ चाकावर असेल. शब्द मी सांगते. माझं नाव लिहू नकोस. आणि 'लुप्त' असं लिहू नकोस. भाऊ काय लुप्त झालाय?"

तर हे शब्द तिने सांगितलेले, तिच्या अटीवर. माती तुडवायची, खडे वेचायचे, मग ती मळायची, अगदी कणकेसारखी. मळलेला गोळा चाकावर. चाक हे चक्रावरून, आणि इंग्रजी 'व्हील'ही त्याच मुळाचं, म्हणजे कुंभाराचं चाक आणि लंडनच्या बसचं चाक आतेमामेभावंडं. चाकावरून मडकं दोऱ्याने कापून उतरवायचं. ते थोडं सुकलं की आतून दगडाचा गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने थापटायचं, म्हणजे तळ गोल होतो. चाकावर गोल तळ येत नाही हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. मग सावलीत सुकवणं, मग आवा. आव्यात भांडी रचून लाकूड, सोडणं, गवत घालून भाजायचं. पाऊस आला की सगळं गेलं. "आव्याचं काही खरं नसतं," भाऊ म्हणाला. त्याला घुमटाच्या मागणीबद्दल विचारलं. चतुर्थीच्या आधी बरी असते म्हणाला, प्लास्टिकच्या कुंड्यांनी मात्र वाट लावली. त्याचा मुलगा डिप्लोमा करतोय आणि सुट्टीत आवा रचायला येतो. पुढे येईल का? "ते त्याला विचारा."

लेकीला त्याने चाकावर बसवलं. पहिला गोळा उडून तिच्या कपाळावर गेला. दुसऱ्याचं काहीतरी वाटीसारखं झालं. मैत्रीण मागे उभी होती. ती वाकली, लेकीच्या हातांवर आपले हात ठेवले, आणि वाटीची कड दोन बोटांत धरून वर ओढली. एकदाच. कड कागदासारखी पातळ आणि सारखी वर आली. मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. तिने हात धुतले आणि म्हणाली, "बाबांनी शिकवलेलं. विसरत नाही मेलं."

इंग्लंडला आल्यावर लेकीने गृहपाठ पूर्ण केला. तिने तक्त्यात पॉटरच्या समोर कुंभार लिहिलं, कुंभ अधिक कार अशी फोड दिली, आणि खाली एक ओळ टाकली की काही देशांत माणसांनी हे नाव मुद्दाम सोडलं आणि त्यांना तसं करण्याचं कारण होतं. हरी कुंभाराचा विनोद तिने गाळला. मी ठेव म्हटलं होतं. ती नाही म्हणाली.

गेल्या रविवारी काकीचा फोन आला. भाण गेलं. दादाने ताडपत्र्या काढल्या, भंगारवाला टेम्पो घेऊन आला, दोघांना उचलवेना म्हणून तिसरा माणूस बोलावला. पैशात काकीने नवा मिक्सर घेतला, त्यात ताकही घुसळून होतं म्हणे, रवी लागत नाही. मी विचारलं, काकी, वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, पडवी किती मोठी दिसते आता. मग थोड्या वेळाने, पेजेचं बोलणं निघालं तेव्हा, म्हणाली की दुकानातल्या उकड्या तांदळाची पेज आटत नाही, पाणी पाणी राहते, आणि ते भाणामुळे नव्हे हं, तांदूळच वेगळा असतो.